मर्जीविरुद्ध मानसोपचार: घरच्यांच्या सहीने काय होतं, काय होत नाही

सांतेरीवाडा

गोव्यात एक समज घट्ट बसलेला आहे. माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला की घरातल्या दोघांनी सही करायची, पोलिसांची जीप मागवायची आणि बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेऊन सोडायचं. "सही झाली म्हणजे झालं." हा १९८७ च्या कायद्याचा उरलेला गाळ आहे. त्या कायद्यात नातेवाइकाच्या अर्जावर ९० दिवसांपर्यंत ठेवता यायचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्यात नुसत्या नातेवाइकाच्या सहीने कोणालाही आत ठेवण्याची सोय नाही.

आता मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९ चा एकच दरवाजा. रुग्णाचा प्रतिनिधी (त्याने नेमलेला, नसेल तर नातेवाईक) अर्ज करतो, पण नुसत्या अर्जाने काही होत नाही. दोन जणांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा साधा डॉक्टर चालतो. दोघांनाही वेगवेगळं असं वाटलं पाहिजे की आजार गंभीर आहे आणि तीनपैकी एक गोष्ट अलीकडेच घडली आहे: स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्यावर हिंसा किंवा तशी भीती वाटेल असं वागणं, किंवा स्वतःची काळजी घेता न येणं, तेही जिवाला अपाय होईल इतपत. शिवाय याहून कमी बंधनाचा मार्ग उरलेला नसला पाहिजे. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस.

धागा काढण्याचं कारण: चर्चा नेहमी "सक्ती हवी की नको" इथे अडकते. सक्ती नेमकी कुठल्या पायरीवर बिघडते, यावर बोलूया.

नोटरीबाब

सांतेरीताई, पाया बरोबर बांधलात. दोन भर घालतो.

एक, कळवण्याची मुदत. कलम ८९ खाली दाखल केलं की रुग्णालयाने पुनरावलोकन मंडळाला कळवायचं: स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांसाठी सात दिवसांत. मंडळ सहा जणांचं. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचा, एक जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन जण रुग्ण, काळजीवाहक किंवा संस्थांमधले. रुग्ण स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो आणि मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ही गोष्ट रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणं बंधनकारक आहे. इंग्रजी छापील कागदावर अंगठा घेतला आणि रुग्ण सत्तरी तालुक्यातला, त्याला कोंकणी-मराठीशिवाय काही येत नाही, तर त्या संमतीची किंमत कागदाच्या वजनाइतकीच.

दोन, तीस दिवसांचा खेळ. तिसाव्या दिवशी घरी सोडायचं आणि एकतिसाव्या दिवशी पुन्हा दाखल करायचं, म्हणजे मुदत नव्याने सुरू, असं काही जणांना वाटतं. कायद्याने हे भोक बुजवलं आहे. सोडल्यावर सात दिवसांच्या आत परत दाखल केलं तर ते कलम ९० मध्ये जातं. तिथे दोन मनोविकारतज्ज्ञ लागतात, आणि ठेवायचं की सोडायचं हे मंडळ २१ दिवसांत ठरवतं. पुढची मुदत आधी ९० दिवस, मग १२०, मग प्रत्येक वेळी १८०.

काठावरचा

माहिती ठीक. पण तुम्ही दोघेही कुंपणाचे खांब मोजताय. शेत कोणाचं, हा माझा प्रश्न.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्याचं कलम १२ म्हणतं की अपंगत्वामुळे कोणाचीही कायदेशीर क्षमता हिरावता येत नाही, आणि कलम १४ म्हणतं की अपंगत्व हे स्वातंत्र्य काढून घेण्याचं कारण होऊ शकत नाही. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेण्याची पद्धत संपवून आधार देऊन निर्णय घेण्याची पद्धत आणायची आहे. आपला कायदा नावापुरता तेच म्हणतो. पण कलम ८९ मध्येच लिहिलंय की रुग्णाला "जवळजवळ शंभर टक्के" आधार लागत असेल तर प्रतिनिधी तात्पुरता त्याच्या वतीने संमती देऊ शकतो. शंभर टक्के आधार म्हणजे काय हो? बैलाच्या वतीने नांगर धरणाऱ्याने संमती दिली, असंच ना?

मधुमेहाचा रोगी इन्शुलिन नाकारतो, पाय कापावा लागेल हे माहीत असूनही. त्याला कोणी जीपमध्ये घालत नाही.

स्टेथोस्कोप

काठावरचे, मधुमेहाचा दाखला अर्धाच बसतो. साखर ३० पर्यंत उतरून तोच माणूस बरळू लागला आणि सलाईन उपटू लागला, तर त्यालाही धरून ग्लुकोज देतात, आणि कोणी हरकत घेत नाही. तिथे कसोटी रोगाचं नाव नाही, त्या क्षणी समज आहे की नाही ही आहे. मानसोपचारातही तीच कसोटी लावावी, एवढाच माझा आग्रह.

कायद्यात ही कसोटी कलम ४ मध्ये आहे: माहिती समजणं, निर्णयाचा परिणाम काय होईल याची जाण असणं, निर्णय कसाही सांगता येणं. बोलून, खुणेने, चालेल. गोम अशी की कायद्यात या तिन्हींमध्ये "किंवा" आहे. शब्दशः वाचलं तर "नको" एवढं म्हणता आलं की क्षमता आहे. प्रत्यक्षात तज्ज्ञ तिन्ही एकत्र पाहतात. पण लेखी नोंदीत "रुग्णाला अंतर्दृष्टी नाही" (म्हणजे आपण आजारी आहोत याची जाण नाही) एवढंच लिहून मोकळे होतात, ते चूक. काय विचारलं, त्याने काय उत्तर दिलं, हे लिहायला हवं. उदाहरणार्थ: "गोळी न घेतल्यास काय होईल असं विचारलं, उत्तर: गोळीत शेजाऱ्याने घातलेलं विष आहे, न घेतल्यास मी जिवंत राहीन." ही नोंद. यातून कळतं की शब्द समजले, पण परिणामाची जाण भ्रमाने झाकली आहे.

आणि त्याच कलमात हेही आहे की निर्णय इतरांना चुकीचा वाटला म्हणून क्षमता नाही असं धरता येत नाही. मुलीने परधर्मातल्या मुलाशी लग्न ठरवलं, मुलाने नोकरी सोडून किनाऱ्यावर शॅक टाकला, हे आजार नव्हेत. कलम ३ मध्ये सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक मूल्यांशी न जुळणं हा आजाराचा आधार होऊ शकत नाही, असं स्वच्छ लिहिलं आहे.

क्षमता ही दिव्याच्या बटणासारखी नसते, तासातासाला बदलते. म्हणून कलम ८९ मध्ये दर सात दिवसांनी आणि कलम ९० मध्ये दर पंधरवड्याने ती पुन्हा तपासायची असते. क्षमता परत आली त्या दिवशी सक्तीचा आधार संपला. बहुतेक ठिकाणी घसरतं ते इथे. पहिल्या दिवसाची कागदपत्रं चोख, आठव्या दिवसाचं पान कोरं.

तिसरी_पाळी

वॉर्डातली बाजू लिहिते.

बांधणं. साखळी कुठल्याही रूपात नाही, हे कलम ९५. (६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा खांबाला साखळीने बांधलेली २८ माणसं जळून गेली. हे कलम वाचताना ते आठवतंच.) एकटं कोंडून ठेवणंही नाही. शारीरिक बंधन मात्र कलम ९७ खाली चालतं, तेही दुसरा मार्गच नाही, इजा या क्षणी होणार आहे, आणि जबाबदार मनोविकारतज्ज्ञाची परवानगी आहे, तेव्हाच. शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. हे शेवटचं कायद्यातच लिहिलं आहे, बरं का. रात्री दोन परिचारिकांवर अख्खा वॉर्ड असतो तेव्हा नेमकं हेच कारण तोंडात येतं.

करायचंच झालं तर रुग्णाला उताणं, डोकं किंचित वर. पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवला की छाती हलत नाही आणि माणूस गुदमरतो; बंधनातले मृत्यू बहुधा असे होतात. पट्टे रुंद आणि मऊ, आत दोन बोटं सरकतील इतके सैल. दर १५ मिनिटांनी हातापायांचा रंग, ऊब, श्वास. पाणी, लघवी. वेळ, कारण, कोणी सांगितलं, कधी सोडलं, सगळं वहीत. प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं आणि महिन्याच्या महिन्याला मंडळाकडे यादी.

खवळलेल्या रुग्णाला शांत करण्याचं इंजेक्शन. नुसतं हॅलोपेरिडॉल ठोकण्याची जुनी सवय वाईट. तरुण मुलांत मान आणि जबडा वाकडा होऊन आखडतो, डोळे वर चढतात. तो माणूस पुन्हा कधी तुमच्या हातचं औषध घेणार नाही. वेल्लोरला आणि रिओला झालेल्या चाचण्यांत हॅलोपेरिडॉलसोबत प्रोमेथाझिन दिलं होतं; त्याने झोप लवकर लागते आणि आखडणंही टळतं. दारू प्यायलेल्याला लोराझेपाम (गुंगीचं औषध) देताना श्वासावर डोळा हवा. इंजेक्शननंतर पहिला तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास. "झोपला एकदाचा" म्हणून पाठ फिरवायची नसते.

पेडणेकर_नव्हे

वाचतोय. पेज, हुमण नि चहात गोळी कालवणाऱ्या घरांचं काय? त्यांना ना मंडळ, ना कलम. गोव्यातली सर्वांत मोठी सक्ती स्वयंपाकघरात होते, असं माझं मत.

स्टेथोस्कोप

पेडणेकर, मुद्दा अगदी वर्मावरचा.

लपवून औषध देण्यात हक्काचा प्रश्न आहेच, पण औषधशास्त्राचाही आहे. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असावी लागते; १.५ च्या वर विषबाधेची भीती. ज्याला माहीतच नाही की आपण लिथियम घेतो, तो मे महिन्याच्या उन्हात घाम गाळतो, अंग दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन घेतो, आणि दोन्हींनी पातळी चढते. हात थरथरतात, जुलाब होतात, तोल जातो. डॉक्टरने विचारलं तर तो खरंच सांगतो, "मी काही घेत नाही."

क्लोझापीन (भ्रम-भासांच्या हट्टी आजारावरचं औषध) तर अजिबात नाही. पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. लपवून देणारा रक्त कसं काढणार? दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढत जायचं असतं. माणूस चार दिवस मावशीकडे शिरोड्याला राहून आला आणि आईने जुनाच डोस आमटीत घातला, तर रक्तदाब कोसळून चक्कर येते, झटकेही येऊ शकतात.

आणि सर्वांत वाईट म्हणजे, ज्याला आधीच वाटतं की जेवणात विष घालतात, त्याला एक दिवस ताटात पांढरी भुकटी दिसते. भ्रम खरा ठरतो, तो आईनेच खरा केलेला असतो.

त्यापेक्षा रुग्णाने स्वतः मान्य केलेलं महिन्याचं इंजेक्शन बरं. रोज गोळीवरून होणारे तंटेबखेडे थांबतात. मान्य केलेलं, हा शब्द अधोरेखित.

काठावरचा

शेवटच्या वाक्यासाठी स्टेथो यांना एक नारळ. पण इंग्लंडमध्ये हेच बाहेर राहणाऱ्या रुग्णांवर हुकमाने लादून पाहिलं. घरी राहा, पण उपचार न घेतल्यास परत रुग्णालयात आणू. २०१३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याची चाचणी छापून आली. वर्षभरात पुन्हा दाखल होणाऱ्यांचं प्रमाण हुकूम असलेल्यांत ३६ टक्के, आणि तसा लांबलचक हुकूम नसलेल्यांतही ३६ टक्के. स्वातंत्र्य काढून घेतलं, हाती काही लागलं नाही. भारतात असा हुकूम नाही, आणि येऊही नये.

नोटरीबाब

सहमत. आता गोव्याचा खास विषय: व्यसनमुक्तीच्या नावाखालची गाडी.

दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती कायद्याच्या व्याख्येत येते. म्हणजे माणसांना निवासी ठेवून उपचार करणारं केंद्र मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदलेलं हवं आणि कलम ८९ चे सगळे नियम त्याला लागू. रात्री चार धटिंगण येऊन माणसाला उचलतात, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतात, मोबाइल काढून घेतात, भेट बंद. याला उपचार म्हणत नाहीत, बेकायदा डांबणं म्हणतात. फोन, भेट, ईमेल हा कलम २६ खालचा हक्क आहे. स्वतःचे कपडे घालणं आणि केस सक्तीने न कापले जाणं हे कलम २० खाली. विनानोंदणी केंद्राला पहिल्या गुन्ह्याला ५ हजार ते ५० हजार दंड, पुढे ५ लाखांपर्यंत. इतर तरतुदी मोडणाऱ्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

स्टेथोस्कोप

त्यात वैद्यकीय बाजूही जोडा. रोज पिणाऱ्याची दारू एका रात्रीत बंद केली की दोन-तीन दिवसांनी वात चढतो: भास, घाम, ताप, झटके. यात माणूस मरतो. अशा वेळी थेट मनोरुग्णालयात किंवा केंद्रात नेऊ नये, गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आपत्कालीन विभागात न्यावं. थायामिन (ब१ जीवनसत्त्व) आधी, ग्लुकोज नंतर. उलटं केलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्या अवस्थेत क्षमता नसते, म्हणून तेव्हाची सक्ती समजू शकतो. पण वात आठवड्याभरात उतरतो. त्यानंतर तो शुद्धीवर येऊन म्हणाला, "मी घरी जातो आणि पुन्हा पिणार", तर ते दुर्दैवी असलं तरी क्षमता असलेल्या माणसाचं बोलणं आहे. तल्लफ म्हणजे क्षमतेचा अभाव नव्हे.

माडाची_सावली

नोटरीबाब, पोलिसांचं नेमकं काम काय? आणि काणकोणसारख्या ठिकाणी रात्री बारा वाजता काय करायचं? तिथून बांबोळी म्हणजे दीड-दोन तास.

नोटरीबाब

पोलिसांचं कलम १००. कोणी भटकताना आढळला आणि आजारी असून स्वतःची काळजी घेऊ शकत नाही किंवा धोका आहे असं वाटलं, तर संरक्षणात घ्यायचं, कारण सांगायचं, आणि लवकरात लवकर, २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. हणजुणे-मोरजीला सापडलेल्या परदेशी पर्यटकालाही हेच लागू. कायद्यात "भारतीय नागरिक" असं कुठे नाही. घरात आजारी माणसाला कोंडून मारहाण चालली असेल तर पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं, आणि दंडाधिकाऱ्यांना त्या आजारी माणसाला तपासणीसाठी फार तर दहा दिवस पाठवता येतं.

काणकोणचं उत्तर कलम ९४ मध्ये आहे. कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे सामाजिक आरोग्य केंद्रातला रात्रपाळीचा एमबीबीएससुद्धा, जीव वाचवण्यासाठी किंवा गंभीर इजा टाळण्यासाठी तातडीचा उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊन. मुदत ७२ तास किंवा मानसिक आरोग्य आस्थापनेत तपासणी होईपर्यंत, जे आधी होईल ते. वाहतूकही त्यातच येते, म्हणून १०८ चालते. या कलमाखाली विजेचे झटके देता येत नाहीत. एरवीही भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ते द्यायला बंदीच आहे.

सांतेरीवाडा

जीपपेक्षा १०८ बरी, याला आणखी एक कारण. अमेरिकेत मानसोपचारासाठी दाखल झालेल्यांवर मॅकआर्थर संस्थेच्या मदतीने मोठं संशोधन झालं. त्यात दिसलं की माणसाला सक्ती किती बोचली हे तो कायद्याने कसा दाखल झाला यावर फारसं अवलंबून नसतं. आपलं म्हणणं कोणी ऐकून घेतलं का, फसवलं का, धमकावलं का, यावर असतं. "चल, मंगेशीला जाऊन येऊ" म्हणून गाडीत बसवायचं आणि बांबोळीला उतरवायचं, हा सगळ्यात रूढ आणि सगळ्यात महाग पडणारा प्रकार. त्या थापेनंतर घरातल्या कोणावरही विश्वास राहत नाही. कौल घेऊन "देवाने उजवा दिला, आता डॉक्टरकडे" असं करणारी घरं त्यापेक्षा प्रामाणिक म्हणायची.

पेडणेकर_नव्हे

थोडं अवांतर. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, आणि भाट (माडांची बागायत) विकायचं तर दोघांची सही हवी. "वेडी आहे, हे बघा बांबोळीचे कागद" म्हणत सही टाळण्याचा बेत करणारे असतात. तो बेत फसतो का?

नोटरीबाब

फसायलाच हवा. आजार आहे एवढ्यावरून माणूस अस्थिरचित्त ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केल्याशिवाय. हे कलम ३ मध्येच आहे. डिस्चार्ज कार्ड दाखवून कोणाची सही रद्द होत नाही. न्यायालयात कोणी आजाराचा मुद्दा काढून समोरच्याने नाकारला, तर कलम १०५ प्रमाणे तो मंडळाकडे तपासणीला जातो.

माडाची_सावली

मग आधीच काही करून ठेवता येतं का? बरं असताना?

सांतेरीवाडा

येतं, आणि धाग्यातलं सर्वांत उपयोगी तेच. कलम ५ खालचा आगाऊ निर्देश. प्रौढ माणसाला बरं असताना लिहून ठेवता येतं: मला कोणता उपचार हवा, कोणता नको, आणि माझा प्रतिनिधी कोण. नियमातल्या नमुन्यात भरून मंडळाकडे नोंदवायचं. लिहिताना "विजेचे झटके नको" एवढंच न लिहिता, "अमुक औषधाने जबडा आखडला होता, त्याऐवजी तमुक चाललं, पहिल्यांदा थोरल्या बहिणीला फोन करा, आवाज चढवून बोलू नका, दोघांहून जास्त माणसं खोलीत नकोत, माझी गाय कोण बघणार ते या नंबरवर विचारा" असं लिहिलं तर वॉर्डातल्या माणसाला ते वापरता येतं. नुसता प्रतिनिधी नेमायचा तर साध्या कागदावर सहीनिशी लिहून चालतं, आणि कधीही बदलता येतो. भावांशी मालमत्तेचा वाद असेल तर हे आजच करा, कारण कोणाला नेमलंच नसेल तर पहिला मान नातेवाइकाचा.

मर्यादा अशी की कलम ९४ च्या तातडीच्या उपचाराला निर्देश लागू नाही. आणि डॉक्टरला किंवा नातेवाइकाला तो पाळायचा नसेल तर मंडळाकडे अर्ज करावा लागतो. परस्पर बाजूला ठेवता येत नाही.

काठावरचा

ही तरतूद मलाही मान्य. सक्तीला माझा विरोध कायम, पण माणसाने स्वतःच आपल्या हाताने बांधलेली गाठ वेगळी.

एक विचारतो: प्रतिनिधी आणि रुग्ण यांचं पटलं नाही तर?

नोटरीबाब

रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक मंडळाकडे प्रतिनिधी बदलून मागू शकतो. वकील परवडत नसेल तर मोफत कायदा सेवा, कलम २७, फोन १५१००. उपचाराबद्दल नुसतं विचारायचं असेल तर टेलिमानस, १४४१६.

तिसरी_पाळी

आणि स्वतःहून दाखल झालेल्या माणसाने "घरी जातो" म्हटलं की सोडायचं. फक्त कलम ८९ बसतंय असं वाटलं तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. चोविसाव्या तासाला तपासणी झालेली नसेल तर दार उघडायचं, मग शनिवार असो की चतुर्थी.